जुनी मोटर यॉट आणि दूरचा समुद्र: घ्यावी की नाही, हे कसे ठरवावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. 1986 साली बांधलेली, पन्नास फुटी, फायबरग्लासची मोटर यॉट तुम्हाला परवडेल अशा किमतीत मिळते आहे. तिच्यात दोन डिझेल इंजिने, 2,600 लिटर डिझेल मावेल एवढ्या टाक्या आणि तीन केबिन आहेत, आणि रंग नुकताच दिलेला आहे. तुम्ही आणि तुमची पत्नी, दोघेच, दोन वर्षे दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडच्या पॅटागोनियाच्या खाड्या, कॅनडातला लॅब्राडॉरचा किनारा, दक्षिण पॅसिफिकमधली तुआमोतूची प्रवाळद्वीपे अशा तुरळक वस्तीच्या भागांत फिरू इच्छिता. चाळिशीला टेकलेली बोट अशा सफरीसाठी घेणे शहाणपणाचे आहे का, असे तुम्ही विचारले आहे. मी चोवीस वर्षे बोटींचे सर्व्हे, म्हणजे खरेदीपूर्वीची तपासणी, करतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे मालकांच्या बोटी एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवण्याचे कामही केले आहे. त्यामुळे बोट विकताना कशी दिसते आणि किनाऱ्यापासून तीनशे मैलांवर कशी वागते, या दोन्ही बाजू मला जवळून पाहता आल्या आहेत.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न बोटीच्या वयाचा नाही. जिथे मेकॅनिक नाही, बोट उचलणारी क्रेन नाही आणि सुटा भाग मागवला तर तो यायला तीन आठवडे लागतात, अशा ठिकाणी या बोटीचे काही बिघडले तर ते तुम्ही दोघे, बोटीवर असलेल्या सामानानिशी, स्वतःच्या हातांनी दुरुस्त करू शकाल का, हा तुमचा प्रश्न आहे. नवी बोटही या कसोटीला उतरत नाही, असे अनेकदा होते, आणि चाळीस वर्षांची एखादी बोट सहज उतरते. म्हणून बोट पाहताना मी एक अगदी साधी गोष्ट करतो: बिघडू शकेल अशा प्रत्येक वस्तूपर्यंत माझा हात पोचतो का, ते पाहतो. मग ती इंधनाची झडप असो, सुकाणूचा सिलिंडर असो की टाकीचे झाकण. हात पोचत नसेल तर ती वस्तू कितीही उत्तम असली तरी दूरच्या समुद्रात ती माझी नाही, असे मी धरून चालतो.

पुढचे बरेचसे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे, हे आधीच मान्य करतो. तुम्हाला इंजिनाच्या कामाची सवय आहे का, बोट घेतल्यावर निघण्यापूर्वी तुमच्या हातात सहा महिने आहेत की दोन वर्षे, बोटीच्या किमतीखेरीज किती पैसे बाजूला ठेवता येतील, हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि निर्णयाचा निम्मा भार याच गोष्टींवर आहे. तरीही क्रम मात्र सगळ्यांसाठी सारखाच आहे.

सर्वांत आधी अंतर पाहा. पल्ला जमत नसेल तर बाकीचे काहीही पाहण्यात अर्थ नसतो, आणि हा हिशेब कागदावर दहा मिनिटांत होतो. अशा बोटीची पाण्याच्या रेषेवरची लांबी साधारण 45 फूट असते. पाणी बाजूला सारत चालणाऱ्या बोटीचा नैसर्गिक वेग म्हणजे त्या लांबीचे वर्गमूळ गुणिले 1.34, हा जुना आणि भरवशाचा नियम आहे. 45 चे वर्गमूळ 6.7, म्हणजे वेग आला सुमारे 9 नॉट, अर्थात ताशी 9 सागरी मैल. त्याहून वेगाने जायचे तर बोटीला स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढावे लागते आणि इंधनाचा खर्च एकदम उसळतो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘प्रवासाचा वेग 14 नॉट’ असे लिहिलेले असेल. त्या वेगाला अशी बोट ताशी 80 ते 85 लिटर डिझेल सहज जाळते, म्हणजे मैलाला सहा लिटर. तीच बोट 7 नॉटने नेली तर जनरेटर धरून ताशी 14 लिटरांच्या आसपास, म्हणजे मैलाला दोन लिटर.

आता टाकीतला पाचवा भाग राखीव ठेवा आणि त्याला कधीही हात लावायचा नाही, असे ठरवा. उरले 2,080 लिटर. 14 नॉटने तुम्ही साडेतीनशे मैलांच्याही आत थांबाल. 7 नॉटने हजार सागरी मैल जाल. समोरचा वारा आणि प्रतिकूल प्रवाह धरला तर मी आठशेच मोजीन. हे आकडे ढोबळ आहेत. तुमच्या बोटीचे खरे आकडे चाचणीच्या दिवशी इंधनमापक लावून किंवा टाकी मोजून घ्यावे लागतील. पण निष्कर्ष बदलणार नाही. ही बोट किनाऱ्याकिनाऱ्याने आणि बेटाबेटांमधून फिरेल, पण तुआमोतूपर्यंत स्वतःच्या बळावर महासागर ओलांडून जाणार नाही. तिथे ती मालवाहू जहाजावर चढवून न्यावी लागेल, नाहीतर डेकवर इंधनाच्या पिशव्या लादून जावे लागेल, आणि भरलेल्या पिशव्यांनी वर चढलेले वजन अशा उंच बोटीला मुळीच मानवत नाही. तुमच्या यादीतली एक जागा त्यामुळे बहुधा गळते. ती गळली तरी तुम्हाला ही बोट हवी आहे का, याचे उत्तर दोघांनी मिळून, पुढचा पैसा खर्च करण्याआधी द्यावे.

7 नॉटने जायचे ठरले की दुसरा प्रश्न उभा राहतो, आणि तो फार थोडे लोक विचारतात. ही इंजिने प्रत्येकी तीनशेहून अधिक अश्वशक्तीची असतील. 7 नॉटला दोघांकडून मिळून साठेक अश्वशक्तीच लागते, म्हणजे प्रत्येक इंजिन आपल्या ताकदीच्या दहाव्या भागावर तासन्‌तास चालणार. इतक्या हलक्या भाराने डिझेल इंजिन पुरते तापत नाही, काजळी धरते आणि सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत होऊन तेल खाऊ लागते. जुनी इंजिने हे बऱ्यापैकी सोसतात. तरी रोज काही वेळ भार वाढवून इंजिन नीट तापू देणे, हा नियम मी पाळतो. एकच इंजिन चालवून दुसरे बंद ठेवण्याचा सल्लाही तुम्हाला मिळेल. तो मानण्याआधी गिअरबॉक्सच्या माहितीपुस्तिकेत पाहा. काही गिअरबॉक्समध्ये वंगणाचा पंप इंजिनाकडून चालतो, त्यामुळे इंजिन बंद असताना पाण्याच्या ओघाने पंखा (प्रोपेलर) आणि त्याला फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरत राहिले तर आतले बेअरिंग कोरडेच फिरतात आणि जळतात. अशा ठिकाणी शाफ्ट बांधून ठेवावा लागतो.

‘दोन इंजिने आहेत, एक बंद पडले तरी दुसरे आहे’ या वाक्यावर माझा पूर्वी विश्वास होता. एकदा एक जुनी, दोन इंजिनांची बोट पोचवायला निघालो. मालकाने टाक्या कधी आतून साफ केल्या नव्हत्या आणि बोट दोन वर्षे गोदीत उभी होती. डिझेलच्या तळाशी साचलेल्या पाण्यात जिवाणू वाढतात, त्यांचा शेवाळासारखा थर बसतो आणि बंदरात तो निमूट तळाशी पडून असतो. आम्ही उघड्या समुद्रात आलो, लाटांनी टाक्या घुसळल्या आणि दुपारी डावे इंजिन गुदमरून बंद पडले. फिल्टरची काचेची वाटी पाहिली तर त्यात काळा, बुळबुळीत गाळ भरला होता. मी फिल्टर बदलत असतानाच, दहा मिनिटांत, उजवेही थांबले. दोन्ही इंजिने एकाच टाकीचे डिझेल पीत होती, हे तेव्हा अंगाने कळले. बोट लाटांना आडवी होऊन कलंडत होती, इंजिन रूममध्ये उभे राहणे अशक्य होते, म्हणून मी गुडघे टेकून, एका हाताने नळी धरून, दुसऱ्या हाताने फिल्टर फिरवत होतो आणि डिझेल कोपरापर्यंत ओघळत होते. बोटीवर सुटे फिल्टर चार होते. संध्याकाळपर्यंत चारही संपले, आणि शेवटचा निम्मा भरला तेव्हा बंदराचे दिवे दिसले.

म्हणून इंजिनापेक्षा आधी मी इंधनाची व्यवस्था पाहतो. टाकीला माणसाचा हात आत जाईल असे झाकण आहे का? तळाचे पाणी काढायची सोय आहे का? इंजिन चालू ठेवूनच एका फिल्टरवरून दुसऱ्यावर जाता येईल अशी जोडफिल्टरची रचना आहे का? टाकीतले डिझेल फिरवून गाळणारा वेगळा पंप आहे का? यांतले काहीही नसले तरी बोट नाकारू नका. ही कामे बंदरात होतात आणि बाकीच्या खर्चाच्या मानाने स्वस्तही पडतात. पण टाकीच सडलेली असेल तर गोष्ट वेगळी होते. 1970 आणि 80 च्या दशकांत तैवानमध्ये बांधलेल्या पुष्कळ बोटींत साध्या पोलादाच्या टाक्या आहेत. त्यांच्या डेकवर सागाच्या पट्ट्या स्क्रूंनी बसवलेल्या असत. स्क्रूंच्या भोकांतून पाणी डेकमध्ये आणि तिथून टाकीच्या माथ्यावर ठिबकत राहते, आणि टाकी वरून गंजत येते. टाकी बदलायची तर बहुतेक वेळा आधी इंजिन काढावे लागते, कारण टाकी इंजिन आणि बोटीची भिंत यांच्यामध्ये चिणलेली असते. तुमच्या बोटीच्या टाक्या कशाच्या आहेत, हे तुम्ही लिहिलेले नाही. टॉर्च आणि लहान आरसा घेऊन टाकीचा माथा आणि खालची कड पाहा, आणि तिथे नुकताच रंग फासलेला दिसला तर तो का फासला, ते विचारा.

इंजिनांबद्दल माझे मत अनेकांना उलटे वाटते: त्या काळची इंजिने ही तुमच्या बोटीची जमेची बाजू असू शकते. त्यांत इंधनाचा पंप यांत्रिक असतो, संगणक नसतो. डिझेल आणि हवा मिळत राहिली तर वीज पूर्ण गेली तरी त्यांतली बरीचशी इंजिने चालत राहतात. डेट्रॉइट डिझेलची 71 मालिका 1938 पासूनची, पर्किन्सचे 6.354, फोर्डच्या ब्लॉकवर बांधलेली लेहमन, कमिन्सची बी मालिका, ही इंजिने ट्रकांत, शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांत इतकी वापरली गेली आहेत की पिस्टन, गॅस्केट, इंजेक्टर हे भाग जगाच्या पाठीवर कुठे ना कुठे मिळतात. घोडे अडते ते इंजिनाला समुद्रासाठी जोडलेल्या भागांपाशी, म्हणजे सिलिंडरांचा धूर गोळा करणारा, पाण्याने थंड होणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, समुद्राच्या पाण्याने इंजिनाचे कूलंट थंड करणारा हीट एक्स्चेंजर आणि धुराच्या नळीचे वळण, म्हणजे एक्झॉस्टची कोपरी, यांच्यापाशी. हे भाग ट्रकवर नसतात, थोडेच बनले, आणि खारे पाणी आधी त्यांनाच खाते. कोपरी आतून कुजली तर पाणी उलटे सिलिंडरमध्ये उतरते आणि चांगले इंजिन एका रात्रीत निकामी होते. म्हणून इंजिनाचा नंबर लिहून घ्या आणि करार करण्यापूर्वी नेमके हेच तीन भाग आज विकत मिळतात का, ते फोन करून विचारा. मिळत असतील तर बोट घेतल्यावर पहिली खरेदी त्यांची करा.

इंजिन किती तास चालले, या आकड्याला लोक फार महत्त्व देतात. मी देत नाही. नियमित चाललेले, वेळेवर तेल बदललेले सात हजार तासांचे इंजिन मी आनंदाने घेईन. चाळीस वर्षांत बाराशे तास चाललेले आणि बाकीचा काळ दमट हवेत गप्प उभे राहिलेले इंजिन मला जास्त घाबरवते, कारण न चाललेल्या इंजिनात झडपा, रिंगा आणि पंप जागच्या जागी गंजतात. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवा. सोडियम दिसले तर समुद्राचे पाणी किंवा कूलंट तेलात येते आहे, लोखंड किंवा शिसे वाढलेले दिसले तर आतले भाग किंवा बेअरिंग झिजते आहे. पण विक्रेत्याने तेल गेल्या आठवड्यात बदलले असेल तर हा अहवाल काहीच सांगत नाही. त्यामुळे तेल कधी बदलले, हे लेखी घ्या.

बोटीच्या अंगाबद्दल बोलायचे तर फायबरग्लासचे पाण्याखालचे फोड पाहून घाबरू नका. ते दिसायला वाईट असतात, त्यांच्या जोरावर किंमतही कमी करून घेता येते, पण त्यांच्यामुळे बुडालेली बोट मी पाहिलेली नाही. खरे पाणी मुरते ते डेकमध्ये. त्या काळच्या डेकमध्ये फायबरग्लासच्या दोन थरांच्या मध्ये बाल्सा लाकूड किंवा प्लायवूड भरलेले असते, आणि नांगराचे यंत्र, कठड्याचे खांब, बिजागऱ्या यांसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकातून वर्षानुवर्षे थेंब थेंब पाणी आत जाते. मी प्लॅस्टिकच्या लहान हातोडीने डेक इंचाइंचाने ठोकत जातो. निरोगी भाग टणक, कोरडा आवाज देतो आणि कुजलेला भाग भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा बद्द वाजतो. ओलावा मोजणारे यंत्रही वापरतो, पण ते डेकमागे धातूची टाकी असली तरी ‘ओले’ म्हणते, म्हणून कान आणि यंत्र यांचे एकमत होईल तेवढाच भाग खडूने आखतो. हातभर जागा बद्द वाजली तर ते दुरुस्तीचे काम आहे. चालण्याचा सगळा डेक बद्द वाजला तर मी गिऱ्हाइकाला तिथेच थांबवतो.

बोट पाण्याबाहेर काढल्यावर पाण्याच्या आवक-जावकीच्या झडपा, म्हणजे सीकॉक, एकेक करून उघडमीट करून पाहा. गोठून बसलेला सीकॉक असून नसल्यासारखा आहे. मग त्याच्या धातूवर स्क्रूड्रायव्हरने हलकी रेघ ओढा. सोनेरी चकाकी आली तर ठीक. गुलाबी रंग दिसला तर तो पितळेचा आहे आणि त्यातले जस्त निघून गेले आहे. उरलेले तांबे सच्छिद्र असते आणि हातोडीच्या टोल्याने बिस्किटासारखे तुटते. एकदा सर्व्हेच्या वेळी अशा एका सीकॉकची मूठ फिरवताच तो माझ्या हातात आला, आणि बोट जमिनीवर होती म्हणून आम्ही फक्त एकमेकांकडे पाहत राहिलो. समुद्रात तिथून अंगठ्याएवढ्या जाडीची धार आत आली असती. कांस्याचे नवे सीकॉक बसवणे हे अशा बोटीवरचे निघण्यापूर्वी करायचे काम आहे, चर्चेचे नाही.

तुमच्या बोटीच्या खालच्या रचनेबद्दल मला सर्वांत जास्त शंका आहे. दोन इंजिनांच्या या जातीच्या बोटींत पंखे आणि सुकाणू बहुतेक वेळा उघडे लोंबतात. एकच इंजिन असलेल्या जड बोटीत कील, म्हणजे तळाचा मधला कणा, पंख्याच्या पुढून खाली जाते आणि बोट टेकली तर कील टेकते, पंखा नाही. प्रवाळ, तरंगते ओंडके, बर्फाचे तुकडे, नकाशावर न आलेले खडक, हे सगळे तुमच्या यादीतल्या प्रदेशांत आहे. उघडा पंखा वाकला तर शाफ्ट थरथरतो, आणि क्रेन नसलेल्या जागी त्यावर इलाज नाही. म्हणून विक्रेत्याकडे सुटे पंखे आहेत का, ते विचारा, आणि भरती-ओहोटीत बोट सुरक्षितपणे टेकवता येईल का, हे तिच्या तळाकडे पाहून सर्व्हेअरला विचारा. मोठ्या फरकाच्या ओहोटीत, शांत खाडीत बोट टेकवून दोन भरत्यांच्या मधल्या काळात पंखा बदलणे शक्य असते. मी ते केले आहे, पण तळ सपाट आणि कील मजबूत असलेल्या बोटीवर.

त्याच दमात खिडक्यांकडे पाहा. मोठ्या काचा बंदरात सुखाच्या असतात, पण फुटलेली लाट बाजूने आदळली तर काच आत येते आणि मागून समुद्र येतो. युरोपात जून 1998 पासून नव्या बोटींना रचनेचा वर्ग द्यावा लागतो. वर्ग ए हा 8 बोफर्टहून (बोफर्ट हे वाऱ्याच्या जोराचे माप) जास्त वारा आणि चार मीटरहून उंच लाटा यांसाठी, आणि वर्ग बी त्या मर्यादेपर्यंत. तुमची बोट त्याआधीची असल्याने तिला बहुधा असा वर्ग नसेल. वर्ग नाही म्हणून ती कमजोर ठरत नाही, पण कोणीतरी स्थिरतेचा हिशेब केला आहे असेही गृहीत धरता येत नाही. उघड्या समुद्रात जायचे असेल तर जहाजांच्या रचनेचे शिक्षण घेतलेल्या माणसाकडून कलण्याची चाचणी करून घ्या, आणि सलूनच्या, म्हणजे बैठकीच्या मुख्य दालनाच्या, काचांवर बाहेरून बसवायचे पॉलिकार्बोनेटचे तावे मापाने कापून ठेवा. डोलणे कमी करणारी व्यवस्था कोणती आहे, हेही पाहा. तळाला बसवलेले हायड्रॉलिक पंख आरामाचे असतात, पण त्यांच्या सीलसाठी बोट बाहेर काढावी लागते. बाजूंना खांबांवरून पाण्यात सोडायचे जड पॅराव्हेन कटकटीचे असतात, पण त्यांत दोरी, साखळी आणि लोखंड याहून अधिक काही नसते. दोघांसाठी आणि दूरसाठी माझे मत दुसऱ्याकडे झुकते.

विजेच्या कामावर मी फार लिहीत नाही, कारण अशा प्रत्येक बोटीत ते सारखेच निघते. पाच मालकांनी पाच वेळा तारा घातलेल्या असतात आणि जुन्या कोणी काढलेल्या नसतात. एका बोटीतून आम्ही नुसत्या निकामी तारा काढल्या तेव्हा दोन मोठी पोती भरली. सगळे बदलायचे धरून चाला, नवी तार कल्हईची वापरा, आणि बदलताना आकृती काढून ठेवा. जुने एअर कंडिशनर आर-22 वायूवर असतील तर ते दुरुस्त करण्यात पैसे घालू नका. एक्झॉस्टवरचे वेष्टन जुने, पांढरट आणि तंतुमय असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकते, त्याला स्वतः हात लावू नका. 406 मेगाहर्ट्‌झचा इपर्ब (संकटाचा संदेश पाठवणारे यंत्र) आणि लाइफराफ्ट (जीवरक्षक तराफा) यांवरच्या तारखा वाचा. त्या उलटून गेलेल्या असतील तर त्या वस्तूंची किंमत शून्य धरा.

पैशांबद्दल एक गैरसमज दूर करतो. ‘बोटीच्या किमतीच्या दहा टक्के दरवर्षी देखभालीला’ हा नियम तुम्ही ऐकला असेल. जुन्या बोटीला तो लागू पडत नाही. पन्नास फुटी बोटीचा पंप, साखळी, रंग, बोट बाहेर काढण्याचे भाडे हे सगळे लांबीवर ठरते, तुम्ही बोट किती स्वस्तात घेतली यावर नाही. म्हणून तितक्याच लांबीची नवी बोट केवढ्याला पडते, त्यावरून देखभालीचा अंदाज बांधा. दूरच्या सफरीसाठी तयार करायच्या जुन्या बोटीवर पहिल्या दोन वर्षांत खरेदीच्या निम्म्यापासून पूर्ण किमतीएवढा खर्च झालेला मी वारंवार पाहिला आहे. तुमच्याकडची एकूण रक्कम बोट घेतानाच संपणार असेल, तर माझे उत्तर ‘घेऊ नका’ असे आहे, बोट कितीही चांगली असली तरी. त्याऐवजी चाळीस फुटी बोट पाहा. लांबी कमी झाली की खर्च लांबीपेक्षा बराच जास्त उतरतो, आणि दोघांना नांगर टाकायला आणि धक्क्याला लागायला ती सोपीही जाते. विम्याचेही आधी विचारा. अनेक विमा कंपन्या जुन्या बोटीला ताजा सर्व्हे मागतात, मालकाचा अनुभव विचारतात आणि दूरच्या प्रदेशांची नावे पाहून नकार देतात. तो नकार करारापूर्वी कळलेला बरा.

वेळेबद्दल मात्र मी आग्रही आहे. नॉर्वेचा शोधप्रवासी अमुंडसेन याने कॅनडाच्या उत्तरेचा बर्फाळ समुद्री वायव्य मार्ग ज्या ‘योआ’ नावाच्या बोटीतून पार केला, ती 1872 साली मासेमारीसाठी बांधलेली, सत्तर फुटी, तेरा अश्वशक्तीचे छोटे इंजिन बसवलेली बोट होती. 1903 मध्ये निघाली तेव्हा ती एकतीस वर्षांची होती. त्याने ती 1901 मध्ये घेतली, त्याच वर्षी उत्तरेच्या समुद्रात तिची चाचणी सफर केली, आणि खरा प्रवास त्यानंतर दोन वर्षांनी सुरू केला. मोठे जहाज सोडून त्याने छोटी, उथळ, हाताळता येणारी बोट निवडली, हेही लक्षात घ्या. तुम्हीही पहिला मोसम मदतीपासून एका दिवसाच्या अंतरावर काढा. त्या मोसमात जे जे मोडेल ते स्वतः दुरुस्त करा, मेकॅनिकला बोलावलेत तरी पाना तुमच्या हातात असू द्या. तुमच्या पत्नीलाही फिल्टर बदलता येणे, इंजिनाच्या इंधननळीतली हवा काढता येणे आणि एकटीने नांगर उचलता येणे आवश्यक आहे, कारण दोघांच्या बोटीवर एक जण आजारी पडला की उरतो तो एकच.

तेव्हा तुमच्या बोटीपुरते माझे मत असे. किनाऱ्याच्या आणि खाड्यांच्या सफरीसाठी, 7 नॉटच्या वेगाने, टाक्या आणि डेक निरोगी निघाले, इंजिनाचे ते तीन भाग मिळत असले आणि खरेदीएवढीच रक्कम हाताशी असली, तर घ्या. टाक्या इंजिन काढल्याशिवाय निघणार नसतील आणि गळत असतील, किंवा डेक सगळा बद्द वाजला, तर सोडून द्या आणि सर्व्हेचे पैसे वाया गेले असे मानू नका. महासागर ओलांडण्याचा हट्ट असेल तर ही बोट नव्हे, एक इंजिनाची, जड, खोल कीलची, मोठ्या टाकीची बोट शोधा. तीही जुनी मिळते.

सर्व्हेचा दिवस ठरवाल तेव्हा सर्व्हेअर तुम्ही निवडा, दलालाने सुचवलेला घेऊ नका, आणि इंजिनांसाठी त्या जातीच्या इंजिनावर काम केलेला वेगळा माणूस आणा. समुद्रातल्या चाचणीत पूर्ण थ्रॉटलवर, म्हणजे पूर्ण वेग दिल्यावर, इंजिन दर मिनिटाच्या आपल्या ठरलेल्या फेऱ्यांपर्यंत पोचले पाहिजे. 2,500 फेऱ्यांचे इंजिन 2,200 वर अडले तर तळ शेवाळलेला आहे, पंखा चुकीचा आहे किंवा इंजिन थकले आहे, आणि त्यांतले नेमके काय, हे कळेपर्यंत सही करू नका. थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दहा मिनिटे तापमानाचा काटा पाहत राहा. तो चढतच राहिला तर थंड करणारी व्यवस्था आतून चोंदलेली आहे. त्या दिवशी सकाळी बोटीवर पोचलात की कोणाशी काही बोलण्याआधी खाली उतरा आणि दोन्ही इंजिनांच्या ब्लॉकवर तळहात ठेवा. ती थंडगार असली पाहिजेत. कोमट लागली तर तुम्ही येण्यापूर्वी कोणीतरी ती चालवून ठेवली आहेत, म्हणजे थंड इंजिन सुरू व्हायला किती वेळ घेते आणि कोणत्या रंगाचा धूर सोडते, हे तुम्हाला दिसू नये अशी व्यवस्था झाली आहे. अशा वेळी त्या दिवशीची चाचणी पुढे ढकला आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच, न कळवता, पुन्हा जा.